चंद्राची साक्ष

शेतकऱ्याला चंद्राचं फार वेड असतं, असा शहरातल्या माणसांचा समज आहे. आम्ही चंद्राकडे फारसं पाहिलंच नाही. त्याच्या उजेडात बाकीचं पाहिलं. रात्रीची लाईन आली की हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं, तेव्हा पायाखालचा साप दिसावा म्हणून चंद्र लागायचा. जागलीला गेल्यावर तुरीत घुसलेले रोही दिसावेत म्हणून लागायचा. कंदिलाच्या उजेडात माणूस काम करतो, कंदिलाकडे टक लावून बसत नाही. तसंच ते होतं.

चंद्राकडे नीट पाहायची वेळ माझ्यावर साठी उलटल्यावर आली, ती कॅमेऱ्यामुळे. पुतण्या पुण्याला नोकरीत आहे. त्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. जुना म्हटलं तरी डिजिटल, लांबचं जवळ ओढणारा. ‘काका, रोह्यांचे फोटो काढा,’ म्हणाला. रोही काही फोटोसाठी थांबत नाहीत, मग मी चंद्र धरला. पण चंद्रही थांबत नाही, हे त्याला पुरा जवळ ओढल्यावरच कळतं. मधोमध धरावा, तर दोन-तीन मिनिटांत सरकत सरकत तो काठाला जातो. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं, डोळ्यांनी पाहिलं ते इथे.

कॅमेऱ्याला त्याच्या मनाने फोटो काढू दिला तर चंद्राची नुसती पांढरी बशी येते. तो सगळ्या चौकटीचा उजेड एकत्र मोजतो. चौकट जवळपास सगळी काळी, म्हणून तो जास्त उजेड आत घेतो आणि चंद्र जळून जातो. पुतण्याने फोनवर एका वाक्यात उलगडा केला, ‘काका, चंद्र म्हंजे दिवा नाही, उन्हात पडेल दगड हाये तो.’ दगड उन्हात पडलेला आहे, म्हणजे फोटोही उन्हातल्यासारखाच काढायचा. पौर्णिमेला अ‍ॅपर्चर एफ 11, आयएसओ 100 आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, आणि बटन दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असं लावायचं, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

असं केल्यावर कळलं की चंद्र पांढरा नाहीच. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला शेकडा 12 च्या आसपासच तो परत फेकतो, म्हणजे जुन्या डांबरी सडकेइतका. भोवती रात्र काळी म्हणून तो आपल्याला चांदीचा वाटतो. आणखी एक कळलं. पौर्णिमेचा फोटो सपाट येतो, कारण ऊन समोरून पडतं आणि सावल्या नसतात. शुद्ध अष्टमीच्या चंद्रावर उजेड आणि अंधार जिथे मिळतात, तिथला एकेक खड्डा उठून दिसतो. नांगरटीची ढेकळं सकाळच्या तिरप्या उन्हात मोजता येतात, भर दुपारी तेच वावर सपाट वाटतं. तोच न्याय.

माझे फोटो बरे येऊ लागले होते, तेवढ्यात नातवाने त्याच्या बापाचा नवा फोन वर धरला. ना तिपाई, ना आकडे. हात हलत होता तरी चंद्राचा फोटो माझ्यापेक्षा स्वच्छ आला. पोरगं म्हणालं, ‘आबा, तुमच्या कॅमेऱ्याहून फोन भारी हाये.’ फोटो भारी होता यात वाद नाही. पण एवढ्याशा भिंगाला एवढं दिसलं कसं, हे माझ्या गळी उतरेना.

त्याचं उत्तर पुतण्याकडून मिळालं. 2023 च्या मार्च महिन्यात एका माणसाने एका बड्या कंपनीच्या फोनची परीक्षा घेतली. त्याने चंद्राचा एक फोटो मुद्दाम पुसट केला, इतका की त्यात एकही खड्डा ओळखू येऊ नये. तो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून फोनने त्याचा फोटो काढला. फोनमधल्या फोटोत खड्डे आले. पडद्यावर जे नव्हतंच, ते फोनने दाखवलं. पुढे कंपनीने समजावून सांगितलं की फोनमधला प्रोग्रॅम चंद्र ओळखतो आणि त्याचे बारकावे उजळवतो. चंद्र कसा दिसतो हे त्याला आधीच शिकवलेलं असतं.

आता प्रश्न असा, की याला खोटं म्हणायचं का? खड्डे तर खरेच आहेत. चंद्रावर तसेच आणि तिथेच आहेत. फोनने चुकीचं काही दाखवलं नाही. फक्त त्याने ते पाहिलं नव्हतं.

याच्या दुसऱ्या टोकाला पुण्याचा एक सोळा वर्षांचा मुलगा आहे. 2021 च्या मे महिन्यात त्याने काढलेला चंद्राचा फोटो देशभर गाजला. तो एक फोटो नव्हताच. दुर्बिणीला कॅमेरा लावून त्याने रात्रभरात 50,000 हून जास्त प्रतिमा घेतल्या आणि त्या जोडून, निवडून एक चंद्र तयार केला. रंगही वाढवून गडद केले. एखादा म्हणेल, हेही बनवलेलंच. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते मला खळ्यावरून सांगता येतं.

आपल्या डोक्यावरची हवा सारखी हलत असते. उन्हाळ्यात सडकेवर दूरचं झाड थरथरताना दिसतं, तसा दुर्बिणीत चंद्र थरथरतो. हजार प्रतिमा घेतल्या तर काही क्षण हवा स्थिर असतानाच्या निघतात. त्या ठेवायच्या, थरथरलेल्या टाकायच्या आणि राहिलेल्या एकावर एक रचायच्या. आम्ही याला उपणणं म्हणतो. मळलेला माल तिपाईवर उभं राहून वाऱ्यावर धरला की भूस उडून जातं, दाणे खाली पडतात. रास छोटी होते, पण त्यातला एकेक दाणा आपल्याच वावरातला असतो. त्या मुलाने रात्रभर उपणलं. फोनने बाजारातून तयार दाणे आणून आमच्या खळ्यात ओतले. दाणे दोन्हीकडचे खरे. पण ‘यंदा तुमच्या वावरात किती पिकलं?’ असं कोणी विचारलं, तर उत्तर कोणत्या राशीवरून देता येईल?

यावर एक माणूस मला म्हणाला, की डोळा तरी कुठे प्रामाणिक आहे? त्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. उगवतीचा चंद्र परातीएवढा दिसतो आणि डोक्यावर आला की वाटीएवढा. कॅमेऱ्याने दोन्ही वेळचे फोटो काढून मोजा, आकार सारखाच भरतो. मोठेपणा आपण आपल्या मनाने घातलेला असतो. तसाच ससा. माझ्या आजीने मला चंद्रातला ससा दाखवला, मी नातवाला दाखवला. तो ससा म्हणजे तिथल्या लाव्हारसाचे काळे पठार आहेत. बेसाल्टचा दगड. गंमत अशी, की आमची काळी माती ज्या दगडापासून झाली, तोही बेसाल्टच. चंद्रावरचा ससा आणि माझं वावर एकाच जातीच्या दगडाचे.

तेव्हा डोळाही आपल्या पदरचं घालतो, हे कबूल. पण आजीने ससा दाखवला तो पुरावा म्हणून नाही, आणि त्या सशावर कोणाचं काही अवलंबून नव्हतं. घरात एकदा संकष्टीला आभाळ भरून आलं होतं. नातू फोन घेऊन आजीपुढे धावला, की यातला चंद्र पाहून उपास सोड. त्याची आजी म्हणाली, ‘फोटोतला चांद कालचाबी असू शकते. मले आजचा पाह्यजे.’ मग तिने कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ पाहिली, उगवतीकडे तोंड करून हात जोडले आणि जेवायला बसली. चंद्र तिला दिसला नव्हता, आणि दिसला असं ती म्हणालीही नाही. ढगाआड तो आहे, एवढ्या भरवशावर ती जेवली. न पाहता विश्वास ठेवण्यात काही वावगं नाही. न पाहता पाहिलं असं सांगण्यात आहे.

हा सगळा रिकामटेकड्याचा विचार वाटेल, म्हणून आता चंद्रावरून वावरात येतो. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन मोबाईलने पिकाचा फोटो काढायचा आणि तो चढवायचा. त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. कल्पना चांगली आहे. आपल्या वावराची साक्ष आपण द्यायची, याहून बरं काय? पण आता शेतकऱ्याच्या जिभेपेक्षा फोटोचं वजन जास्त झालं आहे, हेही खरं. पीक बुडालं, फोटो दाखवा. भिंत पडली, फोटो दाखवा.

माझ्या धुऱ्याला धुरा लागून ज्याचं वावर आहे, त्याच्या सोयाबीनवर एका वर्षी पिवळा मोझॅक आला. शेंगा भरायच्या आधी पानं पिवळी पडली. त्याने पोराच्या फोनने फोटो काढले. नव्या फोनला हिरवळ दिसली की तो हिरवा रंग आणखी खुलवतो. लग्नातल्या फोटोत माणसं गोरी येतात, तसंच हे. फोटो पाहणाऱ्याने पाहिले आणि म्हणाला, ‘हिरवं तर दिसतंय सगळं.’ हा गडी वावराकडे बोट दाखवत राहिला आणि समोरचा फोनकडे पाहत राहिला. वावर वीस पावलांवर होतं. घरी येताना तो मला म्हणाला, ‘भाऊ, माह्या डोळ्यापक्षा त्या फोनवर त्याहिचा इस्वास.’ त्याला भरपाई मिळाली असती की नाही, हा वेगळा विषय आहे. पण माणसाची साक्ष त्याच्यासमोर रद्द झाली, आणि जिने रद्द केली ती साक्ष खरी नव्हती. त्या फोनच्या मनात काही पाप नव्हतं. त्याला सुंदर दाखवायला शिकवलं होतं, त्याने दाखवलं. चंद्र सुंदर केला तेव्हा आम्ही वा म्हटलं. रोगट पान सुंदर केलं तेव्हा एकाचा हंगाम त्यात गेला.

साक्ष कशी असावी हे पाहायचं असेल तर आमच्या जिल्ह्यातच लोणार आहे. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा तो खड्डा पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला. देवाने लवणासुराला मारलं ती ही जागा, असं आमच्या लोकांनी मानलं. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे कित्येक वर्षं शिकलेली माणसं त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत होती. चंद्रावरच्या खड्ड्यांबद्दलही बराच काळ तोच समज होता. नुसतं पाहून वाद मिटत नव्हता. शेवटी 1970 च्या दशकात तळाशी भोकं पाडून दगड काढले, तेव्हा त्यात मास्केलिनाइट नावाचं काचेसारखं द्रव्य सापडलं. दगडाला जबरदस्त धक्का बसला तरच ते होतं, ज्वालामुखीच्या नुसत्या आचेने होत नाही. आकाशातून दगड आदळला याची साक्ष त्या बारीक काचेने दिली. ती देखणी नव्हती. पण घटना घडली तेव्हा ती तिथे हजर होती आणि तो मार तिने अंगावर घेतला होता.

माझ्या मते साक्षीदाराला एवढंच लागतं. तो हजर असावा, आणि जेवढं त्याच्या वाट्याला आलं तेवढंच त्याने सांगावं. कॅमेरा माणसाचा असो की यंत्राचा, उपणू दे, निवडू दे, उजळ करू दे, पण काय पाहिलं आणि काय पदरचं घातलं हे त्याने वेगळं सांगावं. पुण्याच्या त्या पोराने आपण किती प्रतिमा जोडल्या हे सांगितलं, म्हणून त्याचा चंद्र मला खरा वाटतो. घातलं ते वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. मीठ घालूनच भाजी होते. पण मीठ मोजून भाजी विकू नये.

नातवाने मला विचारलं, ‘आबा, इतके साजरे फोटो मोबाईलमंधी असतात, मंग तुमी थंडीत उभे राहून काहून काढता?’ त्याला मी कॅमेऱ्यातला अष्टमीचा फोटो मोठा करून दाखवला. कड थोडी थरथरलेली आहे, मोठे खड्डे तेवढे दिसतात. लोणारएवढा खड्डा तिथे असेल तर तो या फोटोत येणारच नाही. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटर दूर आणि माझं भिंग लहान. म्हटलं, ‘लेका, हे जेवढं दिसते ना, तेवढं त्या रात्री आपल्या आंगणात आलं व्हतं. एवढ्याची सही मी करू शकतो.’