गुडघ्याला तारीख विचारू नये

दीपनगर, ता. भुसावळ



तुझा मेसेज काकाने वाचून दाखवला. ऑपरेशनला साडेचार महिने झाले, गुडघा आता दुखत नाही, तर पुढच्या महिन्यातल्या निवड चाचणीत उतरू का, असं विचारलंयस. हे डॉक्टरांना न विचारता आजोबांना विचारलंस, म्हणजे डॉक्टर काय म्हणतील याचा अंदाज तुला आहेच. मी ‘हो’ म्हणेन अशी आशा असेल तर ती सोड. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि इथला म्हातारा बर्फावरच्या उड्यांवर पत्र लिहितोय, याचं तुला हसू येईल. येऊ दे खुशाल. पण तू चाकांच्या स्केटिंगवरून बर्फावरच्या फिगर स्केटिंगकडे गेलीस तेव्हापासून मी या खेळातलं मिळेल ते वाचतोय, पाहतोय.

आधी ‘दुखत नाही’चं बघू. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या, ऑपरेशनमध्ये तुझ्याच शरीरातला स्नायूबंध काढून गुडघ्यात बसवतात. त्याला आपलंसं करायला शरीराला महिनोन्महिने लागतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे तर तो बसवला त्या दिवशीपेक्षाही कच्चा असतो. दुखणं थांबतं फार लवकर. म्हणून न दुखणाऱ्या गुडघ्यावर विश्वास टाकून चालत नाही. नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणाऱ्यांना पुन्हा तीच दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. आणि नऊ महिने भरले म्हणजे झालं, असंही नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे, एका पायावरच्या उड्यांची चाचणी पार पडली पाहिजे. त्यातून तुझा खेळ कसला! प्रत्येक उडी उतरायची ती एकाच पायावर, मागे जाताना, पात्याच्या बाहेरच्या कडेवर. त्या क्षणी पायावर शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट भार येतो असं सांगतात. बूट इतका ताठ की घोटा फारसा वाकत नाही, त्यामुळे घोट्याने सोसायचा धक्काही गुडघा, खुबा आणि कंबरेकडे जातो.

आमच्या वीज केंद्रातल्या दोनशेदहा मेगावॉटच्या युनिटवर टर्बाइन बंद केलं की आम्ही ते तसंच सोडून देत नसू. तापलेला रोटर जागच्या जागी थांबला तर वाकतो, म्हणून बॅरिंग गिअरवर तो तासन्‌तास संथ फिरत ठेवायचा. पुन्हा चालू करतानाही एकदम तीन हजार फेऱ्यांवर न्यायचा नाही. टप्प्याटप्प्याने वेग वाढवायचा, मध्ये थांबून सगळं सारखं तापू द्यायचं, कंपनं बघायची. मुंबईहून विजेसाठी कितीही फोन येवोत, कंपनं वाढली की युनिट खाली. तुझी फिजिओथेरपिस्ट ताई रोज करून घेते ते कंटाळवाणे व्यायाम म्हणजे हेच बॅरिंग गिअर. ते चुकवतेस असं तुझी आई म्हणाली. चुकवू नकोस.

आता दाइसुके ताकाहाशीचं ऐक. जपानचा हा स्केटर २००८ च्या ऑक्टोबरमध्ये सराव करताना पडला आणि उजव्या गुडघ्याची एसीएल गेली. ऑपरेशन झालं आणि तो अख्खा हंगाम त्याने सोडून दिला. ऑलिंपिक सव्वा वर्षावर होतं आणि घाई करायला त्याच्याकडे तुझ्यापेक्षा मोठं कारण होतं. पुढच्या हंगामात तो परतला. २०१० च्या फेब्रुवारीत व्हँकुव्हरला चार फेऱ्यांची उडी घेताना पडला, तरी ब्राँझ मिळालं. फिगर स्केटिंगमध्ये जपानी पुरुषाला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. मार्चमध्ये तुरीनला तो जगज्जेता झाला. ती पडलेली उडी मला त्या पदकाइतकीच आवडते. गुडघा शिवून आलेला माणूस तीच उडी पुन्हा मारायला धजतो, हे घाईने होत नाही.

नेथन चेनचं तर वय तुझ्यासारखंच होतं, सोळा. २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा संपल्यावर नुसत्या प्रदर्शनाच्या कार्यक्रमात उडी मारताना त्याच्या खुब्याला इजा झाली. वाढत्या वयात हाड जिथे अजून पक्कं झालेलं नसतं, तिथेच. ऑपरेशन झालं. वर्षभराने त्याच राष्ट्रीय स्पर्धेत त्याने एका कार्यक्रमात चार फेऱ्यांच्या पाच उड्या मारून विजेतेपद घेतलं. ऑलिंपिक सुवर्ण मात्र २०२२ मध्ये, बीजिंगला.

युझुरू हान्यू तुझा लाडका आहे, म्हणून हे जरा जपून लिहितो. २०१४ मध्ये शांघायला सरावात दुसऱ्या स्केटरशी त्याची टक्कर झाली. डोक्याला पट्टी, हनुवटीवर पट्टी, आणि तसाच तो उतरला. पाच वेळा पडला, रौप्य मिळालं, लोकांनी डोक्यावर घेतलं. मला ते मुळीच आवडलं नाही. डोक्याला मार लागलेल्या पोराला बर्फावर सोडणारी मोठी माणसं चुकली, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याच्या घोट्याचे अस्थिबंध दुखावले, तीन महिन्यांनी त्याने प्याँगचांगला सुवर्ण राखलं, हेही खरं. पण घोटा तेव्हा पुरता बरा नव्हता, वेदनाशामक घेऊन तो खेळला, आणि मार्चमधली जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. ऑलिंपिकसाठी जाणत्या खेळाडूने केलेला तो सौदा होता. तुझ्यापुढे आहे ती निवड चाचणी, आणि ती दरवर्षी होते.

आपल्याकडेही बघ. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोला स्टीपलचेसमध्ये पडला आणि त्याचीही एसीएल गेली. आशियाई सुवर्णपदक जिंकलेल्या माणसालाही एका पायावर तोल सांभाळण्यापासून सुरुवात करावी लागते.

आणखी एक सांगायचंय. आजीला म्हटलं तू लिही, तर म्हणाली, तुम्हीच लिहा, आजोबांनी लिहिलं तर पोरीला लाज वाटायची नाही. तर लिहितो. सराव बंद म्हणून वजन वाढेल या भीतीने तू जेवण कमी केलंयस असं कळलं. पोट मारलं की पाळी चुकते, हाडं ठिसूळ होतात, आणि मग नुसत्या सरावाने हाडाला चीर जाते. रशियाची स्केटर यूलिया लिप्नित्स्काया पंधराव्या वर्षी सोची ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण जिंकली आणि एकोणिसाव्या वर्षी खेळातून बाहेर पडली. न जेवण्याच्या आजारावर उपचार घ्यावे लागले, हे तिने स्वतःच सांगितलं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने मोठ्यांच्या गटाचं किमान वय पंधरावरून सतरावर नेलं, तो ठराव २०२२ चा. लहान पोरींची शरीरं आणि मनं मोडताना दिसत होती, म्हणून. पाळी चुकत असेल तर डॉक्टरीणबाईंना सांग, लपवू नकोस. आणि भाकरी खा, डाळ खा, दूध पी.

तुझ्या बाबांशी मी बोललोय. चाचणीची फी परत मिळत नाही म्हणून कुणी तुला उतरवणार नाही. ते पैसे गेले, गेले. नवव्या महिन्यात दोन्ही पायांच्या ताकदीची तपासणी होईल, त्याचे आकडे मला काकाच्या फोनवर पाठव. तोवर कुठल्याही फॉर्मवर सही करायची नाही.

तुझे आजोबा