वास्तव्यास गाव कोणते निवडावे?



शेजारी शेजारी दोन गावे आहेत, दोन्हीकडे घर होऊ शकते, तर वास्तव्य कोठे करावे, अशी शंका गृहस्थ वासनिकांकडून वारंवार येते. शंका वरवर पाहता व्यवहाराची आहे. पाणी, रस्ता, शाळा, नोकरी पाहावी आणि ठरवावे, असे कोणीही सांगेल. तथापि मनुष्य ज्या गावी राहतो त्या गावची संगती, त्या गावचा आचार आणि त्या गावचे छंद हळूहळू त्याच्या अंगी उतरतात. म्हणून साधकाने हा प्रश्न केवळ दलालाच्या हाती सोपवणे उचित नव्हे.

उदाहरणादाखल सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका घेऊ. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की दक्षिण काठावर शिरवळ लागते; पुढे त्याच महामार्गावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे, खंडाळा हे तालुक्याचे गाव येते. शिरवळ हे जुने बाजाराचे गाव. गेल्या काही दशकांत त्याच्या आसपास कारखाने उभे राहिले, बाहेरून माणसे आली, इमारती वाढल्या. खंडाळ्यास तहसील कचेरी आहे, जुनी घरे आहेत, भोवती शेती आहे. पारगाव तर त्याला इतके लागून की लोक दोन्ही नावे जोडूनच घेतात. आता असे समजू की, एका वासनिकाचे वडिलोपार्जित घर खंडाळ्यास आहे, वृद्ध आईवडील तेथे राहतात, आणि मुलाला शिरवळच्या कारखान्यात काम लागले आहे. मुलगा म्हणतो, जुने घर विकून शिरवळला सदनिका घेऊ. वडील म्हणतात, या ओसरीवर माझे आयुष्य गेले, मी हलणार नाही. दोघेही उपदेशी, दोघेही सज्जन. आणि तरीही घरात अबोला. अशा वेळी शास्त्र काय सांगते?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांपैकी गाव आणि घर ही दोन्ही प्रपंचात मोडतात. प्रपंच अनित्य आहे. माती स्वतःहून पवित्रही नसते, अपवित्रही नसते. श्रीगोविंदप्रभूंचा जन्म काटसुऱ्याचा. बाळपणी मातापिता निवर्तल्यावर आप्तांनी त्यांना जवळच्या ऋद्धिपुरास आणले, आणि पुढे ऋद्धिपूर हेच त्यांचे लीलास्थान झाले. ही दोन्ही गावे वऱ्हाडातील, एकाच मुलखातील. दोन्हीकडची माती तीच, पाऊस तोच. मग आज देशोदेशीचे साधक ऋद्धिपुराची धूळ मस्तकी का लावतात? तेथे प्रभूंचे सन्निधान घडले म्हणून. गावाची योग्यता गावात नाही, त्याला घडलेल्या संबंधात आहे.

याच न्यायाने पुढचा विचार करू. परमेश्वराचे सन्निधान प्रत्यक्ष नसताना जीवाला आधार म्हणून स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने सांगितली आहेत. गाव निवडताना गृहस्थाने याच चार साधनांची कसोटी लावावी.

स्थानाच्या दृष्टीने या प्रदेशाचे भाग्य थोर आहे. पूर्वेस फलटण हे श्रीचक्रपाणी प्रभूंचे अवतारस्थान. शिरवळहूनही लोणंदमार्गे फलटणला जाता येते आणि खंडाळ्याहूनही. म्हणजे स्थानवंदनाच्या बाबतीत या दोन गावांत मोठे अंतर नाही. येथे आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. ज्या फलटणास आपण दंडवत घालतो, ते फलटण श्रीचक्रपाणी प्रभूंनी स्वतः सोडले. ते माहुरास गेले, पुढे द्वारावतीस गेले, आणि हाती खराटा व सूप घेऊन तेथील रस्ते झाडते झाले. जन्मगावाची थोरवी आणि जन्मगावाची आसक्ती या दोन भिन्न वस्तू आहेत. ओसरी सोडवत नाही म्हणणाऱ्या वडिलांनी हे मनन करावे.

प्रसादाविषयी प्रश्न असा की, नव्या घरात प्रसादवंदनास जागा कोठे? सदनिकेचा नकाशा काढताना दूरचित्रवाणीची भिंत आधी ठरते आणि देवपूजेचा कोनाडा उरल्यास ठरतो. जागा लहान असणे हा दोष नव्हे; जागा शेवटी आठवणे हा दोष आहे.

भिक्षुक आणि वासनिक ही दोन साधने मात्र खरा निर्णय देतात. साधू दारी आला तर त्याला आदराने बसवता येईल काय? दाराशी पहारेकरी त्याला अडवील काय? जवळपास चार वासनिकांची घरे आहेत काय, जेथे एकादशीस किंवा अवतारदिनी एकत्र बसून स्मरण होईल, मुलांच्या कानी शास्त्राचे दोन शब्द पडतील? ज्या गावी मद्याची संगती सहज मिळते आणि सत्संग शोधावा लागतो, त्या गावी पगार अधिक असला तरी हिशेब तोट्याचाच निघतो. उलट, जुन्या गावी भाऊबंदांच्या भिडेने जत्रेत पशुहत्येची वर्गणी द्यावी लागत असेल, तर ते जुने गावही निर्दोष म्हणता येत नाही. म्हणून शिरवळ चांगले की खंडाळा चांगले, असे सरसकट उत्तर देता येत नाही. कोणत्या गल्लीत, कोणत्या संगतीत, कोणत्या आचाराने राहणार, हे पाहिल्यावरच उत्तर मिळते.

आता आईवडिलांचा प्रश्न. काही तरुण येथे स्वामींच्या आज्ञेचा आधार घेतात. सर्वज्ञांनी स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि आप्तांचा संबंध तोडण्यास सांगितले आहे, मग जुने घर विकले तर बिघडले कोठे, असे ते म्हणतात. हा अर्थाचा विपर्यास होय. ती आज्ञा सर्वस्व त्यागून अनुसरलेल्या साधकास आहे. त्याने घर सोडायचे ते झाडातळी राहण्यासाठी. तिसऱ्या मजल्यावर राहण्यासाठी नव्हे. जो पत्नी, पगार आणि सदनिका यांपैकी काहीच सोडत नाही, त्याने फक्त म्हातारे आईबाप सोडून त्याला त्याग म्हणावे, हे शास्त्राशी कपट आहे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. शिरवळ आणि खंडाळा यांत अंतर थोडे आहे. ते अंतर रोज कोणी तोडावे? ज्याचे गुडघे धड आहेत त्याने. शक्य असेल तोवर मुलाने खंडाळ्यास राहून कामावर जाऊन येऊन करावे, आणि वृद्धांना त्यांच्या ओळखीच्या अंगणात स्मरण करू द्यावे. रात्रपाळीमुळे वा आजारपणामुळे ते अशक्य झाले, तर आईवडिलांना सोबत न्यावे, आधी त्यांचा कोपरा ठरवावा आणि मग आपला. तेव्हा वडिलांनीही घराचा हट्ट धरू नये. ओसरी येथेच राहणार आहे, जीव राहणार नाही.

शेवटी भिक्षुवर्गासही विनंती. आपणांस अटन, विजन, भिक्षा, भोजन हा आचार लाभला आहे. गाव हे आपणांस भिक्षेपुरते, दिवस विजनासाठी. परंतु एका गावी भिक्षा सुखाची मिळते, मान मिळतो, आणि शेजारच्या गावी दारे मिटलेली असतात, तेव्हा आपली पावले कोणत्या गावाकडे वळतात, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासावे. गृहस्थास सदनिकेचा मोह, तसा आपणांस ओळखीच्या उंबरठ्याचा. जेथे आपल्या येण्याने एखाद्या जीवास स्मरण घडेल, ते मिटल्या दारांचे गावही टाळू नये.

गृहस्थाने गाव निवडावे ते धर्म सांभाळून, आणि निवडलेल्या गावात राहावे ते निघण्याची तयारी ठेवून.