पहिला घोट उशिरा घ्यावा

पेला समोर ठेवा, पण तूर्त तो रिकामाच असू द्या.

सुट्टीचा पहिला दिवस आहे असं धरा. चैत्र लागला आहे. जळगावहून रावेर, रावेरहून वर पाल, असे तुम्ही आला आहात. किंवा धुळ्याहून शिरपूर गाठून आग्रा रोडनं बिजासनी घाटाच्या अलीकडे कुठेतरी सातपुड्याच्या कुशीत उतरला आहात. खाली तापीकाठची केळी, वर उघडे डोंगर. पिशव्या खाली ठेवल्या, तोंडावर पाणी मारलं, आणि मनात तो प्रश्न आला जो प्रवासात बहुतेकांच्या मनात येतो: इथलं काय मिळतं?

हा प्रश्न चांगला आहे. गोव्यात गेलेला माणूस फेणी विचारतो. कॅरिबियन बेटांवर गेलेला माणूस त्या बेटाची रम विचारतो, आणि जाणता असेल तर ती मळीची की ताज्या उसाच्या रसाची हेही विचारतो. मार्टिनिक बेटावरच्या रसाच्या रमला फ्रान्सनं १९९६ मध्ये तिच्या उगमस्थानाचा कायदेशीर दाखला दिला. काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २००९ मध्ये. ज्या मातीत आपण पाहुणे म्हणून आलो तिची चव घ्यावीशी वाटणं, यात त्या मातीचा मान आहे.

खानदेशात या प्रश्नाचं उत्तर डोंगरावर उभं आहे. ते मोहाचं झाड. पण उत्तर लगेच पेल्यात ओतायचं नाही. आज आपण सावकाश जाणार आहोत. एक लांब श्वास घ्या आणि सोडा.

आता डोळे मिटा. पहाटेचे चार वाजले आहेत. तुम्ही मोहाखाली उभे आहात. झाडावर पानं जवळजवळ नाहीत. ती फाल्गुनातच गळाली. फांद्यांच्या टोकांना तांबूस-तपकिरी कळ्यांचे घोस लटकले आहेत आणि त्यांतून फिकट पिवळसर, मांसल, रसानं भरलेली फुलं बाहेर आली आहेत. ही फुलं रात्री उमलतात. रात्रभर वटवाघळं येऊन गेली आहेत. आता फुलं गळायला लागतात. ऐका. एक इथे, एक तिकडे. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा दोन. घाई करू नका, झाडालाही घाई नाही.

वास येतो आहे? गोड, जड, किंचित आंबूस. काहींना तो पहिल्यांदा सोसत नाही. सोसत नसेल तर नसू द्या. नाक त्याच्याशी भांडायचं थांबेपर्यंत थांबा.

अंधारात टोपल्या घेऊन बाया येतात, सोबत मुलं असतात. झाडाखालचा पाचोळा आधीच साफ केलेला असतो, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. त्यासाठी कुंपण लागत नाही. ऊन चढायच्या आत वेचायचं, नाहीतर गुरं खातात, आणि हे फूल अस्वलालाही प्रिय आहे. वाकायचं, उचलायचं, पुन्हा वाकायचं. एका टोपलीसाठी पाठ किती वेळा वाकली असेल, त्याचा विचार इथे करा. मोजू नका. फक्त ती पाठ डोळ्यांसमोर राहू द्या.

वेचलेली फुलं अंगणात उन्हात पसरतात. काही दिवसांत ती आक्रसून तपकिरी होतात. त्यातलं एक फूल तळहातावर घ्या. आतले केसर काढून टाका. जिभेवर ठेवा आणि चावायच्या आधी थोडं भिजू द्या. मनुकेसारखी गोडी येईल, आणि मागून एक रानवट, जरा उग्र चव. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. म्हणून तर ते आधी अन्न आहे. दुष्काळात धान्य संपलं की डोंगरातल्या माणसांनी हीच फुलं भाजून, उकडून दिवस काढले. बियांचं तेल निघतं, लाकूड आणि पानं कामी येतात. दारू ही या झाडाची एक देणगी आहे, एकमेव नव्हे. शहरात मोह म्हटलं की बाटलीच आठवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फूल गिळलंत? आता दारूकडे वळू.

वाळलेली फुलं पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत ती आंबतात, बुडबुडे येतात, वास बदलतो. मग ते मडक्यात घालून खाली मंद जाळ. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० ला; सगळी करामत या फरकात आहे. वाफ पोकळ बांबूतून जाते, दुसऱ्या मडक्यात गार होते आणि थेंब पडू लागतात. सुरुवातीला जे उतरतं ते सगळ्यांत कडक. पहिल्या धारेची, असं आपण सहज म्हणून जातो. ती धार पडताना जाळ सांभाळणाऱ्याचं लक्ष किती एकवटलेलं असतं, त्याकडे आज बघा. जाळ मोठा झाला तर करपट वास लागतो, लहान झाला तर धार तुटते.

आणि ती धार आधी कुणाच्या वाट्याला जाते? भिल्ल, पावरा घरांमध्ये सणाला, लग्नाला, मयताला पहिले थेंब जमिनीवर सोडतात, देवाला आणि पूर्वजांना. सातपुड्यातच, हद्दीपलीकडे गुजरातेत सागबारा तालुक्यात देवमोगरा इथे याहामोगी मातेची महाशिवरात्रीला जत्रा भरते. खानदेशातून माणसं जातात; नव्या धान्यासोबत मोहाची दारूही तिला वाहतात. तुमच्या रिकाम्या पेल्याकडे पुन्हा बघा. या रितीत पिणारा कधीच पहिला नसतो.

इथवर सगळं गोड वाटलं असेल. आता मनाला थोडं कठीण काम द्यायचं आहे.

१८७८ मध्ये इंग्रजांनी मुंबई अबकारी कायदा आणला. घरची भट्टी गुन्हा ठरली. सरकारी कर भरलेली, ठेकेदाराच्या दुकानातली दारू कायदेशीर झाली. जी गोष्ट सणाला स्वतःच्या फुलांची निघायची, ती रोज उधारीवर मिळू लागली. उधारीच्या वहीत काय काय गेलं ते खानदेशच्या डोंगरातल्या जुन्या माणसांनी पाहिलं आहे: बैल गेले, पीक गेलं, जमीन गेली. म्हणून दारू सोडण्याची हाक याच मुलखातून पुन्हा पुन्हा उठली. १९२२ मध्ये शेजारच्या दक्षिण गुजरातेत आदिवासींच्या अंगात देवी येऊन दारू सोडा म्हणू लागली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी माणसांना दारू सोडायला आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्यायला शिकवलं. १९७२ नंतर शहाद्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, श्रमिक संघटनेच्या चळवळीत अंबरसिंग महाराजांच्या सोबतीनं माणसं जमिनीसाठी उभी राहिली, आणि त्याच चळवळीतल्या बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली.

त्या बायांसमोर थोडा वेळ बसा. यांतल्या कित्येकींच्या आयांनी मोहफुलं वेचली होती, देवीला धार वाहिली होती. त्यांचा राग झाडावर नव्हता. घरात येऊन मारणाऱ्या नवऱ्यावर होता, आणि त्याला पाजून जमीन लिहून घेणाऱ्यावर होता. ज्याला सातपुड्याच्या मोहाचं कौतुक करायचं आहे त्यानं फुटलेल्या मडक्यांचंही कौतुक केलं पाहिजे. दोन्ही एकाच मुलखाचं शहाणपण आहे. यावर तुमचं मन न पिण्याकडे कललं, तर पेला तसाच उपडा ठेवा. मनन पुरं झालं. एखादं वाळलं फूल आणखी चावा.

कललं नसेल, तर आता निवडीकडे येऊ.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. हातभट्टी नको. महाराष्ट्रात घरी दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, आणि चोरून विकल्या जाणाऱ्या हातभट्टीत मोह असेलच असं नाही. काळा गूळ आणि नवसागर असण्याचीच शक्यता जास्त. त्यात मिथेनॉल मिसळलं तर काय होतं ते २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला दिसलं. शंभरावर माणसं गेली. रंग, वास, चव यांवरून मिथेनॉल ओळखता येत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. ‘आपल्या ओळखीचा आहे, शुद्ध देतो’ या वाक्यावर डोळे आणि जीव पणाला लावायचे नाहीत.

दुसरी वाट आता हळूहळू उघडते आहे. मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि बाळगण्यावरचे निर्बंध महाराष्ट्रानं २०२१ मध्ये सैल केले. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता दिली आणि आदिवासी बचत गटांना ती गाळण्याचे परवाने दिले. नर्मदेपलीकडचा अलिराजपूर जिल्हा त्यात आहे, नंदुरबारच्या समोरचाच. गोव्यात डेसमंड नाझरेथ यांच्या कंपनीनंही मोहाची बाटली बाजारात आणली. बाटली घेताना किंमत आणि चित्र नंतर बघा. आधी फूल कुठलं आणि गाळलं कुणी ते वाचा. ज्या बाटलीवर वेचणाऱ्या हातांचा पत्ता लागतो ती घ्या. राज्याच्या हद्दीपलीकडून बाटली आणायला परवाना लागतो, आणि आपल्याकडे कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण लागतं, हेही लक्षात असू द्या.

आता ओता. बोटभर, जास्त नको. बर्फ नको, कोल्ड्रिंक तर नकोच. त्यानं फूल मरतं. पेला नाकाजवळ आणा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. पहाटेचा तो जड गोडवा सापडतो का बघा. सापडला की चार थेंब साधं पाणी घाला. वास मोकळा होईल. मग एक लहान घोट. जिभेवर ठेवा. आधी ऊब, मग फुलाची गोडी, मग किंचित धूर, शेवटी ती रानवट कडा. गिळा आणि दुसऱ्या घोटाची घाई करू नका. सोबत भाजलेल्या शेंगा, कांदा, कळण्याच्या भाकरीचा तुकडा. हे खाण्यासाठीच आहे, सजावट नव्हे. रिकाम्या पोटी पिऊ नये. एका पेल्यात झाड, पाठ, जाळ आणि फुटलेली मडकी एवढं सगळं आठवून झालं असेल, तर दुसऱ्याची गरज सहसा पडत नाही. गाडी त्या दिवशी दुसऱ्यानं चालवावी.

आणि एक विनंती. पाड्यावर पाहुणे म्हणून गेलात तर ‘दारू मिळेल का’ असं कुणाला विचारू नका. त्या प्रश्नानं त्या घराला गुन्ह्याच्या दारात उभं करता. यावल, चोपडा, शिरपूरच्या आठवडी बाजारात वाळलेली मोहफुलं दिसली तर किलोभर घ्या, आणि बाई सांगेल तो भाव द्या.