लाल डाग

शिरगावात किल्ल्याच्या अंगाला ज्यांची घरं आहेत, त्यांना लोखंडाची काळजी शिकवावी लागत नाही. खारा वारा ती शिकवतो. गेटच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, पंपाचे नट, सगळ्यांवरून पावसाळ्याआधी एकदा हात फिरतोच. आप्पांना तर त्याची हौसच होती. त्यांची सगळी नोकरी तारापूरच्या अणुविद्युत केंद्रात गेली. तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटात जड पाणी लागतं. ते इतकं महाग, की थेंब कुठून निसटतो याचा माग काढणं हे वेगळं कामच असतं, आणि आप्पांनी ते कितीतरी वर्षं केलं होतं. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या वाडीत घर बांधलं तेव्हा त्यांनी पाण्याच्या टाकीलाही वही लावली. कधी भरली, कधी उतरली, सगळी नोंद. माई म्हणायच्या, "आमच्याकडे नळालासुद्धा हजेरी द्यावी लागते."

गाडी बारा-तेरा वर्षांची होती, आणि ऑटोमॅटिक. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचा निम्मा घोळ या शब्दातून झाला. २०१४ मध्ये, म्हणजे पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी, मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणली आणि आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी स्वस्त झाली. पण एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. आप्पांची गाडी त्याआधीच्या घराण्यातली. तिच्यात क्लचचं पेडल नाही आणि आपल्या ओळखीची क्लचप्लेटही नाही. इंजिनाची ताकद तेलातूनच पुढे जाते, गिअर बदलतो तो तेलाच्या दाबाने, आणि गिअरबॉक्स थंड राहतो तोही तेलानेच. असं तेल जेमतेम सहा लिटर. त्याला मुद्दाम लाल रंग देतात, इंजिन ऑइलपासून ते वेगळं ओळखू यावं म्हणून. रंगाचा दुसरा काही उपयोग नाही.

गुढीपाडव्याच्या सकाळी माई पोर्चमध्ये रांगोळी घालायला बसल्या. आप्पा गाडी घेऊन दूध आणायला गेले होते, त्यामुळे फरशी मोकळी होती. पांढऱ्या फरशीवर पाच-सहा लाल ठिपके आणि एक मोठा डाग.

वाडीत कामाला येणारा गडी वाघोबा खिंडीच्या पायथ्याच्या पाड्यावरून यायचा. नारळ उतरवायचा, झापं साफ करायचा, आणि पान खायचा. पान खाणारा माणूस आणि लाल डाग, आणखी पुरावा तो कसला हवा? आप्पा परत आले तेव्हा माईंनी बोट दाखवलं, आणि आप्पांनी गड्याला हाक मारली.

"मी नाय थुंकलो, शेट," तो म्हणाला. "गाडीखालून गळतंय ते. दुपारी आडवा पडतो ना मी, दिसतं."

आप्पा भडकले. "थुंकायचं ते थुंकायचं, आणि वर माझ्या गाडीवर ढकलतोस?" सणाच्या दिवशी त्यांनी त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. गड्याने एकदा माईंकडे पाहिलं. मग कोयता उचलला आणि तो निघून गेला.

गडी गेला, डाग राहिले. खरं तर इथेच विषय संपायला हवा होता. माईंनी घासून काढले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा दिसायचे. मग नाव पेपर टाकणाऱ्या पोरावर गेलं. त्याला बजावलं, पेपर गेटवर ठेव, आत यायचं नाही. नंतर गॅस सिलिंडरवाला. मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्यालाही आप्पांनी आडून विचारून पाहिलं, "मुंबईला सुपारी-बिपारी खातोस का रे?" शेवटी त्यांनी पालघरहून देवांच्या चित्रांच्या टाइल्स आणल्या आणि पोर्चच्या भिंतीला चिकटवल्या, सरकारी इमारतींच्या जिन्यात असतात तशा. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का, कुणाचाही मान राहायचा राहू नये. देव भिंतीवर आणि डाग जमिनीवर, असं ते शेवटपर्यंत चाललं.

दरम्यान गाडी कुरकुरू लागली. सकाळी डीमध्ये टाकली की आधी काहीच व्हायचं नाही, आणि मग एकदम धक्का बसायचा. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन नुसतंच गुरगुरायचं, गाडी ओढायची नाही. क्षणभराने गिअर असा बसायचा की माईंच्या मांडीवरची पिशवी पुढे जायची. एकदा मनोरला लग्नाला जाताना वाघोबा खिंडीच्या वळणावर गाडीने मानच टाकली. मागून ट्रकचा हॉर्न, पुढे चढ. माईंनी देवळाच्या दिशेने हात जोडले.

आप्पा पद्धतशीर माणूस. आधी बोईसरच्या बाजूला एका गॅरेजात दाखवली. तिथे त्यांना "क्लचप्लेट गेली" असं सांगितलं. जी गाडीत नव्हतीच, ती. दुसऱ्या ठिकाणी इंजिनाचं माउंटिंग बदललं. जुनं फाटलेलं होतं हे खरं, त्यामुळे हादरे थोडे कमी झाले, धक्का मात्र तसाच. मग मुंबईच्या बाजूला एका मोठ्या वर्कशॉपात नेली. एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन. त्यांनी स्कॅनर लावला, कागद छापून दिला: गिअर स्लिप. गिअरबॉक्स उतरवून पूर्ण ओव्हरहॉल, अंदाजे एक लाख चाळीस हजार. गाडी विकली असती तर साधारण तेवढेच आले असते.

स्कॅनर खोटं बोलत नव्हता. गिअरबॉक्सच्या आत दोन सेन्सर असतात, एक आत येणारा वेग मोजतो, दुसरा बाहेर जाणारा. दोघांचा हिशोब जुळला नाही की कॉम्प्युटर नोंद करतो, घसरतंय. का घसरतंय ते त्याला कळत नाही, आणि तसा त्याचा दावाही नसतो. पण छापलेला कागद हातात आला की माणसं पुढचा प्रश्न विचारत नाहीत. आप्पांनीही विचारला नाही. त्यांनी मुदत ठेव मोडायची का, याचा हिशोब सुरू केला.

शिरगावातच, सातपाटीच्या रस्त्याला, एक पत्र्याची शेड आहे. तिथला मिस्त्री बहुतेक टेम्पो आणि मच्छीच्या गाड्या करतो, म्हणून आप्पा त्याच्याकडे कधी गेले नव्हते. माईंच्या आग्रहाने गेले. मिस्त्रीने बॉनेट उघडलं नाही. हात पुसत विचारलं, "धक्का कधी बसतो?"

"सारखाच बसतो," आप्पा म्हणाले, आणि छापील कागद पुढे केला.

मिस्त्रीने कागद वाचला, परत दिला. "सारखाच म्हणजे कधी? सकाळी की गरम झाल्यावर? चढाला? वळणाला? एसी चालू असताना?"

आप्पांना सांगता येईना. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, आणि थोडंसं आपल्या रागावरही. मागच्या सीटवरून माई म्हणाल्या, "सकाळी पहिल्यांदा निघताना एकदा. मग सातपाटीला पापलेट आणायला जाते तेव्हा काहीच नाही, तो रस्ता सपाट आहे. खिंडीत चढ आणि वळण एकत्र आलं की हमखास. उतरताना नाही."

"काकू, तुम्ही गाडी चालवता?"

"नाही. पण बसते ना."

मिस्त्रीने गाडी सपाट जागी लावायला सांगितली. इंजिन चालू ठेवून गरम होऊ दिलं, ब्रेक दाबायला लावून लिव्हर पी, आर, एन, डी असा सगळीकडून सावकाश फिरवून आणला, म्हणजे तेल सगळ्या वाटांनी जाऊन येतं. मग डिपस्टिक काढली, पांढऱ्या कपड्यावर पुसली, पुन्हा बुडवून काढली. इंजिन ऑइल बंद इंजिनावर बघतात, या गाडीचं हे तेल चालू इंजिनावर. ही एवढी गोष्ट तीन गॅरेजांत कुणी केली नव्हती. पट्टीच्या टोकाला जेमतेम ओल होती, खालच्या खुणेच्याही खाली.

त्याने कपड्याचा वास घेतला. "जळकं नाही. काळंही नाही. गिअरबॉक्स मेला नाही, उपाशी आहे." मग त्याने हाताने उतार करून दाखवला. "तेल कमी, त्यात चढ आणि वळण. आहे ते तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो. दाब पडला की आतल्या क्लचच्या चकत्या सुटतात, दाब आला की एकदम धरतात. तो धक्का. गळतंय कुठून?"

"गळत नाही," आप्पा म्हणाले. "गळत असतं तर मला दिसलं असतं. माझं आयुष्य त्यात गेलंय."

"गाडी उभी असते तिथली फरशी बघितलीत?"

"फरशीवर पानाचे डाग असतात," आप्पा म्हणाले, "ते सोडून काही नाही."

मिस्त्रीने कपडा माईंच्या समोर धरला. त्यावर तेलाचा लाल ठिपका पसरत होता. माई बराच वेळ बघत राहिल्या.

"पानाचा डाग पाण्याने पसरतो," त्या म्हणाल्या. "हे डाग पाण्याने हलायचे नाहीत. पाणी वरून घरंगळून जायचं. भांड्यांचा साबण लावावा लागायचा. मीच घासत होते." मग आप्पांकडे न बघता म्हणाल्या, "त्याने सांगितलं होतं."

"कुणी?" मिस्त्रीने विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. तो गाडीखाली गेला.

गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरकडे जातं, ते रबरी पाइपमधून. पाइप टोकाला चिरला होता आणि त्याची क्लिप खाऱ्या हवेने इतकी गंजली होती, की पकडीत धरताच तुटली. गेटच्या बिजागऱ्यांना वर्षातून दोनदा ग्रीस लावणाऱ्या माणसाच्या गाडीत. नवा पाइप, दोन क्लिपा, आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्याच जातीचं दीड लिटर तेल. दुसरं कुठलंही गिअर ऑइल यात चालत नाही, हे मिस्त्रीने दोनदा सांगितलं. मजुरी धरून दोन हजारांच्या आत.

"मग झालं ना काम?" आप्पांनी विचारलं.

"गळती थांबली," मिस्त्री म्हणाला. "चकत्या किती झिजल्या ते आज सांगता येणार नाही. पाडव्याला आला असता तर ही शंकाच नव्हती. आता खिंड चढून या, गाडी चांगली गरम होऊ द्या, आणि येऊन पुन्हा पट्टी दाखवा."

आषाढाचे पहिले दिवस होते. खिंडीत धबधबा सुरू झाला होता, वळणावर पोरं भिजत उभी होती. गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली ती माईंना फक्त आवाजावरून कळली. एका चढाला किंचित हिसका जाणवला, पूर्वीच्या मानाने काहीच नाही, पण जाणवला. मिस्त्री म्हणाला होता ती शंका हीच असावी. आप्पांनी मनोरपर्यंत जायचं ठरवलं होतं. परतताना खिंड उतरल्यावर माई म्हणाल्या, "पाड्याकडे घ्या."

गडी शेतात होता. आवणीचे दिवस, घरातली सगळी माणसं चिखलात वाकलेली. आप्पा बांधावर उभे राहिले, बुटांसकट. तो हात धुऊन आला.

"ते डाग गाडीचे होते," आप्पा म्हणाले.

"मी बोललो होतो."

"हो." आप्पांना पुढचं वाक्य सापडेना. माईंनी पदराच्या गाठीतून पैसे काढले. कापलेली अर्ध्या दिवसाची मजुरी, आणि त्यावर आणखी काही. गड्याने मोजून अर्ध्या दिवसाचे घेतले, वरचे परत दिले.

"ठेव की," माई म्हणाल्या.

"हे माझे. ते तुमचे, बाय."

"मग कधीपासून येतोस?" आप्पांनी विचारलं. "नारळ उतरवायचे राहिलेत."

"आता केळव्याच्या वाडीत लागलोय, शेट. आवणी झाली की तिकडंच." तो जायला वळला आणि थांबला. "त्या पेपरवाल्या पोराला सांगितलंत का?"

"कुणाला?"

"पेपर टाकतो ना तुमच्याकडं. पालघरच्या स्टँडवर भेटला होता. बोलला, शेट मला घरात येऊ देत नाय, पान खातो म्हणून. तो तर बडीशेपपण खात नाय."

"सांगतो," आप्पा म्हणाले. "आणि तो सिलिंडरवाला..." ते मध्येच थांबले.

गाडीत बसल्यावर त्यांनी इंजिन चालू केलं, लिव्हर डीमध्ये टाकला, आणि पाय ब्रेकवरच ठेवला.

"तो पोरगा राहतो कुठे?" त्यांनी माईंना विचारलं.

माईंनाही माहीत नव्हतं. पेपर रोज यायचा, महिन्याचं बिल तो गेटच्या जाळीत खोचून जायचा. बिलावर त्याचं नावही नसायचं.

"उद्या सहाला उठून गेटवर उभे राहा," माई म्हणाल्या. "येईलच."