ओळखा पाहू!

डिमेंशिया असलेल्या माणसाच्या घरी पाहुणा आला की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो. "मामी, ओळखलंत का मला?" विचारणारी खुर्ची पुढे ओढते, चेहरा जवळ नेते. सून हौसेनं भर घालते, "आई, सांगा बरं कोण आलंय?" मग सगळी खोली उत्तराकडे डोळे लावून बसते.

डोंबिवलीतल्या आमच्या ओळखीच्या एका आजींनी यावर छान उतारा शोधला होता. "तुला कोण ओळखणार नाही गं? किती वाळलीस! चहा घेतलास का?" तिन्ही वाक्यं कुणालाही लागू पडणारी. पाहुणी खूश, "बघा, ओळखलं!" पण शेजारी बसलेल्याला दिसायचं की बोलताना आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळताहेत, सोडताहेत, पुन्हा गुंडाळताहेत. पाहुणी जिना उतरून गेली तरी ते चालूच असायचं. आल्यागेल्याचं करण्यात जन्म गेलेल्या बाईची रीतभात शाबूत होती, नाव तेवढं सापडत नव्हतं. आणि ते सापडत नाही हे त्यांना कळत होतं. भोवतालची माणसं गृहीत धरून चालतात की विसरणाऱ्याला आपण विसरतोय याचा पत्ता नसतो. पहिली काही वर्षं तरी अनेकांना तो चांगलाच असतो.

असले प्रश्न विचारायचा अधिकार खरं तर डॉक्टरांचा. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आलोइस अल्झायमर यांनी ऑगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना ते विचारले. नाव? ऑगुस्टे. आडनाव? ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? तेही बहुधा ऑगुस्टे. दुपारी ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं; काय खाताय विचारलं, तर पालक. पुढे स्वतःचं नाव लिहायला सांगितलं, ते जमेना, तेव्हा बाई म्हणाल्या की मी मलाच हरवून बसले आहे. हे कागद कित्येक वर्षं बेपत्ता होते, १९९५ मध्ये सापडले. अल्झायमर यांचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की चुकलेल्या उत्तरांच्या जोडीला त्यांनी हे वाक्यही टिपून ठेवलं. आजार त्या बाईंच्या मेंदूत होता, पण बोलत होती ती घाबरलेली बाई.

निदानासाठी अशी परीक्षा घ्यावीच लागते. आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, हे डॉक्टर विचारतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारतात. घरचे मात्र रोज विचारतात. सकाळी मुलगा, दुपारी शेजारीण, रात्री अमेरिकेहून व्हिडिओ कॉलवर नात. मेंदूला व्यायाम होतो, अशी समजूत. रोज नापास होण्याचा व्यायाम कुणाला मानवेल?

कुणी म्हणेल, दोन मिनिटांत विसरणारच आहेत, मग वाईट वाटलं तर वाटलं. इथे आयोवा विद्यापीठातला २०१४ सालचा एक प्रयोग सांगायला हवा. अल्झायमर झालेल्या १७ जणांना सिनेमातले दुःखाचे आणि आनंदाचे तुकडे दाखवले. थोड्या वेळानं काय पाहिलं ते त्यांना धड सांगता येईना. पण तुकड्यांनी मनात उठलेलं दुःख, आनंद मात्र मागे रेंगाळत राहिले. त्यातही ज्याला पाहिलेलं जितकं कमी आठवत होतं, त्याचं दुःख तितकं जास्त टिकलं. १७ हा आकडा लहान आहे, मान्य. पण ज्यानं अशा माणसासोबत एक संध्याकाळ काढली आहे त्याला हा निष्कर्ष पटेल. कारण पुसलं गेल्यावर दुःखाची समजूत तरी कशी घालणार? भांडण आठवत नाही, आणि घास घशाखाली उतरत नाही.

म्हणूनच ८० वर्षांची बाई तिन्हीसांजेला दाराशी उभी राहून "माझी आई कुठे गेली?" विचारते, तेव्हा "अहो, त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली" हे उत्तर खरं असूनही देऊ नये असं मला वाटतं. तिला ती बातमी दर वेळी नवीच असते. एके काळी पाश्चात्त्य वृद्धाश्रमांत वस्तुस्थितीची सतत आठवण करून देण्यावर भर होता. आजचा वार, महिना, हवामान फळ्यावर लिहून ठेवत. नेओमी फाइल या समाजसेविकेला ते पटेना. म्हातारी माणसं ज्या काळात आहेत तिथे आपण जावं, त्यांच्या भावनेचा हात धरावा, असं त्यांनी सुचवलं. त्यांच्या साऱ्या पद्धतीला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. तरी "तुमच्या आईच्या हातचं काय आवडायचं हो?" एवढं विचारून बघायला खर्च येत नाही. आई हवी आहे, म्हणजे बहुतेकदा भीती वाटते आहे, किंवा भूक लागली आहे.

संशोधनाचा आधार जरा बरा असलेली एक रीतही आहे. ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम डिमेंशियाच्या लोकांचे छोटे गट करून आठवड्यातून दोनदा, विचारांना चालना देणाऱ्या एकूण १४ बैठका घेतल्या. २००३ साली त्याचे निष्कर्ष आले: विचारशक्ती थोडी सुधारली, आणि आपलं बरं चाललं आहे ही भावनाही वाढली. चेन्नईत ही पद्धत आपल्याकडच्या लोकांसाठी बेतूनही पाहिली आहे. तिचं एक तत्त्व मला फार शहाणपणाचं वाटतं. माहिती विचारू नका, मत विचारा. फोटोतला माणूस कोण, असं नाही. यातला कुठला फोटो तुम्हाला आवडला? मत चुकत नाही.

डोंबिवलीच्या त्या आजींना त्यांच्या भाचीनं एकदा सहज विचारलं, "मोदक उकडीचे बरे की तळणीचे?" आजी ताठ बसल्या. "तळलेल्याला मोदक म्हणतात होय तुमच्याकडे?" त्यानंतर पारी कशी पातळ हवी, कळ्या किती पाडायच्या, कुणाची सून कशी आळशी, असा अर्धा तास दरबार भरला. समोरची मुलगी कोण हे अखेरपर्यंत त्यांना कळलं नसावं. कुणाचं काही अडलं नाही.

ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ च्या पुस्तकात, रुग्णाच्या भोवतालची भली माणसं नकळत त्याचं माणूसपण कसं कुरतडतात, याची मोठी यादीच दिली आहे. त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणं, त्याला झेपणार नाही इतक्या घाईनं सगळं उरकणं, लहान मूल समजणं. हे शेवटचं वाचताना 'अस्तु' सिनेमा आठवून मी अडखळतो. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे विद्वान शास्त्रीबुवा हत्तीमागे निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. किटवुड काय म्हणाले असते? मला वाटतं, त्यांचा राग बोबड्या बोलण्यावर होता, मायेवर नव्हता. अमृता सुभाष यांची ती चन्नम्मा शास्त्रीबुवांना काहीच विचारत नाही. तिच्यापाशी त्यांना काही सिद्ध करावं लागत नाही.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. डिमेंशियासोबत येणाऱ्या नैराश्यावर नेहमी दिली जाणारी दोन औषधं ब्रिटनमधल्या २०११ च्या मोठ्या चाचणीत बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणून चालू गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, पण गोळी सुरू झाली म्हणून बोलणं बंद करायचं, हेही बरं नव्हे.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेंशिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. त्यांतल्या किती जणांना स्वतःचं निदान कुणी तोंडावर सांगितलं असेल? आपल्याकडे ते मुलाला सांगतात, केबिनचं दार लोटून. बाबा बाहेर बाकावर. त्यांना खचायला होईल, ही काळजी खोटी नाही; पण बाकावरच्या माणसाला संशय आलेलाच असतो, आणि मग त्या संशयाचं ओझं तो एकटाच वाहत राहतो.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना त्यांच्या मुलीनं मात्र सगळं सांगितलं. ते रडले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग तिनं विचारलं, "बाबा, पुढे काय काय तुमच्या मनासारखं व्हायला हवं?" त्यांनी वहीत लिहून दिलं: दाढी रोज व्हावी, जेवताना बातम्या लावू नयेत, आणि पासबुक माझ्याच खणात राहावं, मला त्यातलं काही कळेनासं झालं तरी. मुलीनं पासबुक खणात ठेवलं. एटीएमचा पिन तेवढा बदलून घेतला, तोही त्यांना सांगून.