आदर आणि जिज्ञासा

आदर ज्ञानाच्या आड येतो काय? मिसर देशाच्या प्राचीन चित्रलिपीपुरतें तरी आम्हांस ‘होय’ म्हणावें लागतें. तींत बदकाचें चित्र ‘पुत्र’ या अर्थीं येतें. या पक्ष्यास पिलांचा लळा फार, म्हणून तो पुत्राचें प्रतीक, असें होरापोलोच्या ग्रंथांत आहे. आणि युरोपांतील पंडितांनीं तें गूढ ज्ञान म्हणून शिरोधार्य मानिलें. १७९९ सालीं रोझेटा येथें पुरोहितांचा एकच ठराव चित्रलिपींत व ग्रीक भाषेंतही कोरलेली शिला सांपडली. कॉप्टिक जाणणाऱ्या शांपोल्योंनें १८२२ सालापासून लिपीचा उलगडा केला. कांहीं चित्रें अर्थ सुचवितात, पण पुष्कळशीं केवळ ध्वनि दाखवितात. बदकाच्या चित्राचा व ‘पुत्र’ शब्दाचा ध्वनि एक, इतकेंच! पंडितांचा आदर खोटा नव्हता. पण त्यानें मूळ लेखकांस बोलूं दिलें नाहीं. प्रश्न न विचारणारा आदर आम्हांस अपुराच वाटतो.