मेजाखालचे कुत्रे

गेल्या मे महिन्यात इच्छापुरातील एका घरी प्रार्थनासभा संपल्यावर मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "काही घरी लेकरांना दूध मिळत नाही, आणि तुमच्याकडे कुत्र्याला डॉक्टर येतो. ख्रिस्ती माणसाला हे शोभते काय?" ते रागाने बोलले असते तर मी विसरलो असतो. ते शांतपणे बोलले, म्हणून प्रश्न मनातून जाईना.

आमच्या घरी पग जातीचा एक लहान कुत्रा आहे. चपटे तोंड, मोठे डोळे, कपाळाला आठ्या. पुण्यास नोकरीला असलेल्या पुतण्याने तो हौसेने विकत घेतला, आणि बदली होताच आमच्या दारात आणून सोडला. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत असाच एक कुत्रा एका मुलाच्या मागे मागे चालताना दिसला, आणि तेव्हापासून ही जात आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची झाली.

पवित्र शास्त्रात कुत्र्याला मान नाही, हे खरे. तरी कनानी स्त्रीच्या वृत्तांतात (मत्तय १५) मूळ ग्रीक शब्द 'किनारिऑन' असा आहे. त्याचा अर्थ लहान कुत्रा, मेजाखाली वावरणारा, घरातला. लूक १६ मध्ये लाजराचे फोड चाटणाऱ्या कुत्र्यांसाठी मात्र साधाच शब्द वापरला आहे. आणि नाथान संदेष्ट्याने दावीदाला सांगितलेला दाखला आठवा (२ शमुवेल १२). त्या गरीब माणसाची मेंढी त्याच्याच घासातले खाई, त्याच्याच प्याल्यातले पिई व त्याच्या उराशी निजे. नाथान त्या माणसाला एका शब्दानेही दोष देत नाही. उलट त्या मायेवरच सारा दाखला उभा आहे. तेव्हा मुक्या जीवावर माया करणे पाप आहे, असे मला कोणी पटवू शकणार नाही.

माझी अडचण निराळी आहे.

त्याच आठवड्यात मी शास्त्रपाठासाठी बऱ्हाणपुरास गेलो होतो. घरी कोणी नव्हते. कुत्र्याला पत्र्याच्या पडवीत पाण्याचे भांडे ठेवून बांधून गेलो. आपल्याकडचा मे महिना कसा असतो हे सांगावयास नको. तापीकाठच्या लोकांना तो ठाऊक आहे. दुपारी परतलो तेव्हा शेजारच्या मावशी कुत्र्याला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसत होत्या व सुपाने वारा घालीत होत्या. जीभ निळसर पडली होती, श्वास घरघरत होता. मावशी केळीच्या बागेत घड वाहण्याच्या कामाला जातात. त्या दिवशी नुकत्याच कामावरून आल्या होत्या. त्यांच्या घरी नळ नाही. आपल्या प्यायच्या माठातले पाणी त्यांनी त्याच्या अंगावर ओतले होते.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "देवानं याला नाकच दिलं नाही का हो?"

संडेस्कूलमध्ये आपण मुलांना शिकवतो की सर्व प्राणी देवाने निर्माण केले. ते बरोबरच आहे. परंतु मावशींच्या प्रश्नाला ते उत्तर पुरत नाही. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून, नाकातल्या व जिभेवरच्या ओलाव्यातून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पगचे नाकच आखूड, नाकपुड्या अरुंद, आणि टाळूचा मऊ भाग मात्र त्या मानाने लांब, त्यामुळे वारा जाण्याची वाटच अडते. ही जात चीनमधून युरोपात गेली. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली आपल्या पगसह स्वतःचे चित्र काढले. त्यातील कुत्र्याला चांगले पुढे आलेले तोंड आहे. म्हणजे आजचा हा चेहरा नंतरच्या माणसांनी, पिढ्यान् पिढ्या जोड्या निवडून, आपल्या डोळ्यांना गोड वाटावा म्हणून बनवला. नेदरलँड्समध्ये आता अशा अति आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला प्राण्यांवर सत्ता दिली आहे. त्याच सत्तेने आपण एका जीवाचा श्वास अर्धा केला आणि त्याला हौस असे नाव दिले.

म्हणून हा कुत्रा विकत घेणे मला चूक वाटते, आणि घरी आलेल्याला सांभाळणे कर्तव्य वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आता त्याला पहाटेच फिरवतो, गळ्यात पट्टा न बांधता छातीला आधाराचा पट्टा बांधतो, चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या करतो, डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून जपतो. वजन वाढले की श्वास आणखी कोंडतो, म्हणून खाणे मोजून देतो. दुपारी तो आतल्या खोलीत फरशीवर निजतो. यात लाड थोडे आहेत. दुसऱ्याने केलेल्या कर्जाचा हा हप्ता आहे असे मी समजतो.

पण बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळत नाही, हे मी जाणतो.

मावशींना मी एवढेच म्हणालो, "देवाने दिले होते मावशी, माणसांनी काढून घेतले." त्या हसल्या. मग त्यांनी विचारले, "कितीला घेतला?" त्याची किंमत मला ठाऊक होती, मावशींच्या दोन महिन्यांच्या मजुरीहून ती अधिक होती. मी म्हणालो, "फुकट मिळाला." ते खोटे नव्हते. पण ते खोटे नाही याचे मला त्या क्षणी जे समाधान वाटले, त्याची लाज अजून वाटते.

त्यांचा माठ मी त्या संध्याकाळी भरून दिला. पुढच्या रविवारी उपासनेत उपदेश माझ्याकडे होता, आणि पाठ होता लूक १६, श्रीमंत मनुष्य व लाजर. शनिवारी रात्री मी पाळकसाहेबांकडे जाऊन पाठ बदलून मागितला. कारण विचारले तेव्हा तयारी झाली नाही असे सांगितले. त्यांनी बदलून दिला, आणि तो पाठ येत्या महिन्यात पुन्हा माझ्याच नावावर लावला आहे.